दोन खिडक्या

आमच्या गांवानें आजवर बरींच नांवें धारण केलीं. १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी या खेड्याच्या जागीं शहर वसविलें. त्याच्या मागें त्याच्या मुलानें, फतेहखानानें, त्यास फतेहनगर म्हटलें. १६५३ सालीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला आणि त्याचें औरंगाबाद झालें. आणि २०२३ सालीं सरकारी कागदोपत्रीं छत्रपती संभाजीनगर हें नांव आलें. नांव बदलणें हें राजांचें आणि सरकारांचें काम. तें नवें नांव वहीवहींत, पाटीपाटीवर आणि शिक्क्याशिक्क्यावर उतरविणें हें मात्र आमच्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसांचें काम. बदल एका दिवसांत होतो; त्याची नक्कल सर्वत्र पोंचावयास महिने लागतात. मधल्या काळांत एकच गांव दोन नांवांनीं नांदत असतें.

आम्हांस हें अनुभवानें ठाऊक आहे. कारण आमचा धंदा संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा. दुकानदार, डॉक्टर आणि लहान कारखानदार यांच्या टेबलावरील संगणकावर चालतील असे, म्हणजे हल्लीं ज्यांस डेस्कटॉप प्रोग्रॅम म्हणतात ते, आम्ही आज कित्येक वर्षें लिहीत आलों आहों. आमचा भाचा याच शहरांत रक्ततपासणीची एक लहानशी लॅब चालवितो. तिचा प्रोग्रॅमही आमचाच. मामानें भाच्यास फुकट दिलेल्या वस्तूंत जे दोष असावयाचे, ते सर्व त्यांत होते. गांवाचें नांव बदललें तेव्हां त्यांतला पहिला दोष उघडकीस आला. तें नांव आम्हीं प्रोग्रॅममध्यें एके ठिकाणीं न लिहितां सात ठिकाणीं लिहिलें होतें. सहा जागा दुरुस्त केल्या, सातवी राहिली. महिनाभर लॅबच्या रिपोर्टावर एक गांव आणि पावतीवर दुसरें गांव छापलें जात होतें. भाचा हंसला, आम्हीही हंसलों. पुढें जें झालें तें मात्र हंसण्यासारखें नव्हतें.

लॅबच्या काउंटरवर एकच संगणक आहे. त्याच्या पडद्यावर डाव्या हातास एक खिडकी. तींत त्या दिवशींच्या रोग्यांची यादी. उजव्या हातास दुसरी खिडकी. तींत निवडलेल्या रोग्याचा रिपोर्ट. काउंटरवरील मुलीनें यादींतील एखाद्या नांवावर क्लिक करावें, शेजारची खिडकी उघडावी, तींत त्या माणसाच्या रक्ताचे आंकडे दिसावे आणि मग तिनें कागद छापून हातीं द्यावा, असा क्रम.

त्याच वर्षीं दिवाळीच्या चार दिवस आधीं, लॅब उघडतांच एक वृद्ध गृहस्थ आंत आले. निवृत्त शिक्षक, मधुमेह पंधरा वर्षांचा. काखेंत कापडी पिशवी, पिशवींत फाइल, आणि फाइलींत आजवरचा प्रत्येक रिपोर्ट तारीखवार लावलेला. आदल्या सायंकाळीं मिळालेल्या कागदावर त्यांच्या उपाशीपोटींच्या साखरेचा आंकडा होता ९२. घरांत आनंदीआनंद झाला होता. पत्नीनें कित्येक वर्षांनीं त्यांच्या पानांत बेसनाचा लाडू वाढला होता. गुरुजींनीं लाडू खाल्ला, रात्रभर विचार केला आणि पहांटे फाइल काढून मागचे आंकडे पाहिले: १७४, १८१, १६८. यांतून ९२ निघावे एवढें पुण्य आपल्या हातून मधल्या काळांत घडलेलें नाहीं, अशी त्यांची खात्री झाली. कागद काउंटरवर ठेवून ते शांतपणें म्हणाले, “आंकडा फार चांगला आहे; पण तो माझा नाहीं.”

भाच्यानें वही काढून पाहिली. गुरुजींचा खरा आंकडा १७९ होता; ९२ हा त्यांच्या मागून आलेल्या एका बाईंचा. भाचा मनाचा सरळ, पण रागीट. त्यानें काउंटरवरील मुलीस सर्वांदेखत बोल लावला. ती मान खालीं घालून एवढेंच म्हणाली कीं, खिडकींत नांव तर गुरुजींचेंच दिसत होतें. दुपारीं भाच्याचा आम्हांस फोन आला. “मामा, ही मुलगी कांहीं कामाची नाहीं. या महिन्याचा पगार देऊन तिला मोकळी करतों. तुम्ही फक्त एकदां प्रोग्रॅम पाहून जा, म्हणजे माझ्या मनाला रुखरुख नको.”

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लॅबकडे जातांना वाटेंत आम्ही मनोमन प्रार्थना करीत होतों ती ही, कीं चूक त्या मुलीचीच निघो. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. वडील वाळूजच्या एका कारखान्यांत कामाला. तिच्या पगारावर धाकट्या भावाची फी भागत होती. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें, आणि तरीही आमची प्रार्थना तशीच चालू होती. आपल्या हातच्या कामावर मनुष्याचें किती आंधळें प्रेम असतें, याचा इतका ओंगळ पुरावा आम्हांस पूर्वीं मिळाला नव्हता.

आम्हीं तिलाच खुर्चीवर बसविलें आणि काल जें जें केलें तें जसेंच्या तसें करावयास सांगितलें. तिनें यादींतील गुरुजींचें नांव निवडलें. रिपोर्टाची खिडकी उघडली. नांवही त्यांचें, आंकडेही त्यांचे. तेवढ्यांत फोन वाजला होता, असें ती म्हणाली. एक बाई आपला रिपोर्ट झाला का म्हणून विचारीत होत्या. तिनें यादींत त्या बाईंच्या नांवावर क्लिक केलें, “झाला आहे” म्हणून सांगितलें, आणि पुन्हा शेजारच्या खिडकीकडे वळून छापण्याचें बटण दाबलें. आम्ही पडद्याकडे पाहतच राहिलों. खिडकीच्या माथ्यावर नांव गुरुजींचें होतें, आणि त्याखालीं रक्त त्या बाईंचें.

कारण ध्यानांत यावयास वेळ लागला नाहीं. रिपोर्टाच्या खिडकींतला आंकड्यांचा भाग आम्हीं आरंभीं लिहिला होता. तो दर वेळीं यादीकडे पाहून, “आतां कोण निवडलेलें आहे?” असें विचारी आणि त्याचे आंकडे दाखवी. माथ्यावरील नांव भाच्याच्या सांगण्यावरून आम्हीं मागाहून, घाईघाईनें घातलें होतें. तें खिडकी उघडतांना एकदां उतरून घेतलें जाई आणि मग खिडकी मिटेपर्यंत तसेंच राही. सर्वच्या सर्व उतरून घेतलें असतें, तर गुरुजींचें नांव आणि गुरुजींचेच आंकडे राहिले असते. सर्वच्या सर्व यादीस विचारून घेतलें असतें, तर नांव बदलून बाईंचें झालें असतें आणि मुलीच्या तें तेव्हांच डोळ्यांत भरलें असतें. दोन्ही रीती आपापल्या जागीं खऱ्या होत्या. आम्हीं एकाच खिडकींत अर्धी ही आणि अर्धी ती चालविली, आणि दोन खऱ्यांची बेरीज खोटी आली.

“चूक हिची नाहीं, आमची आहे,” हें वाक्य आम्हीं त्या मुलीच्या समोरच भाच्यास सांगितलें. वाक्य लहान आहे. परंतु उच्चारावयास फार जड गेलें. भाचा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें तिच्यासाठीं चहा मागविला.

वाचकांस वाटेल कीं, एका खिडकीनें दुसरीस एक नांव सांगावें, यांत एवढें अवघड तें काय? अवघड आहे तें असें. अशा प्रोग्रॅमचे आम्ही तीन थर करतों. तळाशीं मूळ माहिती: कोण रोगी, कोणती तपासणी, काय आंकडा, तिला मॉडेल म्हणतात. वर डोळ्यांस दिसणारी खिडकी, ती व्ह्यू. आणि या दोहोंच्या मध्यें प्रत्येक खिडकीचा एकेक कारभारी असतो. तो तळघरांतून माल काढून, निवडून, नीट मांडून खिडकीशीं आणून ठेवतो. त्यास व्ह्यू मॉडेल असें जोडनांव आहे. माहिती आणि तिचें दर्शन वेगळें ठेवावें, हा विचार ट्रिग्वे रीनस्काउग या नॉर्वेजियन गृहस्थानें १९७९ सालीं झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत मांडला. मधल्या कारभाऱ्याची ही विशिष्ट रीत मायक्रोसॉफ्टमधील जॉन गॉसमन यांनीं २००५ सालीं लोकांपुढें ठेवली, आणि पुढच्याच वर्षीं विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन हें साहित्य बाहेर आल्यावर ती सर्वत्र रुळली. आम्हीही तिचेच वारकरी.

या रीतीचा कुळाचार असा कीं, एका खिडकीच्या कारभाऱ्यानें दुसरीच्या कारभाऱ्यास ओळखतां कामा नये. त्यामुळें एक खिडकी मोडून नवी बसवितां येते. एकाची परीक्षा दुसऱ्यास न हलवितां घेतां येते. परंतु यादीच्या कारभाऱ्यानें कोणास निवडलें, हें रिपोर्टाच्या कारभाऱ्यास कळल्यावांचून लॅब चालत नाहीं. सोंवळें पाळावें तर संसार अडतो, आणि संसार चालवावा तर सोंवळें मोडतें. यावर धंद्यांत तीन-चार उपाय रूढ आहेत, आणि ते सर्व आम्हीं आयुष्यांत केव्हां ना केव्हां करून पाहिलेले आहेत.

पहिला उपाय नकलेचा: उघडतांना जें हवें तें दुसऱ्यास उतरून द्यावें. नक्कल ज्या क्षणीं होते त्या क्षणीं खरी असते. पुढें मूळ बदललें तर तिला त्याचा पत्ता नसतो. दुसरा उपाय एका कारभाऱ्यालाच दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा. शेजारणीस वाटीभर साखर हवी म्हणून तिच्या हातीं किल्ल्यांचा जुडगा द्यावा, त्यांतला हा प्रकार. रिपोर्टाच्या खिडकीस हवें होतें एक नांव. तिला मिळाली सगळी यादी, लोकांच्या फोन नंबरांसह आणि थकलेल्या बाकीसह. शिवाय यादींत उद्यां कांहीं फेरफार केला कीं रिपोर्ट मोडून पडतो. आमच्या प्रोग्रॅममध्यें आंकडे याच रीतीनें येत होते आणि नांव पहिल्या रीतीनें.

तिसरा उपाय दवंडीचा. यादीनें चौकांत ओरडून सांगावें, “अमुक निवडला हो!” आणि ज्यांनीं ऐकण्यासाठीं नांव नोंदविलें असेल त्यांनीं ऐकावें. कोण ऐकतो हें ओरडणारास ठाऊक नसतें, कोण ओरडला हें ऐकणारास ठाऊक नसतें. सोंवळें शाबूत राहतें. या कामासाठीं तयार दवंडीवालेही मिळतात. परंतु दवंडी पिटून गेल्यावर जी खिडकी उघडते तिच्या कानीं कांहींच येत नाहीं, आणि ती मुकाट्यानें रिकामी बसते. उलट, मिटलेल्या खिडकीनें आपलें नांव नोंदवहींतून काढलें नाहीं तर ती मेल्यानंतरही ऐकत राहते, संगणकाच्या स्मृतींतली जागा अडवून ठेवते, आणि कधींकधीं हुकूमही बजावते. दवंडी ही घडलेल्या गोष्टीची वर्दी आहे. आतां काय आहे, हें तिला विचारतां येत नाहीं.

चौथा उपाय आम्हांस ठाऊक होता. पण तो मनाशीं नीट बसला तो पाणचक्कीवर. त्या रविवारीं सायंकाळीं भाचा आणि आम्ही फिरत फिरत महमूद दरवाजाकडे गेलों होतों. दोघेही अजून थोडे ओशाळलेले होतों, म्हणून बोलणें बेताचेंच चाललें होतें. पाणचक्कीच्या हौदाशीं बसलों. डोंगराकडच्या झऱ्याचें पाणी मातीच्या बंद नळांतून गांवापर्यंत आणावें, भिंतींतून उंच चढवून हौदांत सोडावें, त्याच्या जोरावर चक्की फिरवून यात्रेकरू-फकिरांसाठीं पीठ दळावें, आणि तेंच पाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कामीं यावें, ही अठराव्या शतकांतली योजना. चक्कीसाठीं वेगळें पाणी भरून ठेवलेलें नव्हतें आणि यात्रेकरूंसाठीं वेगळें नव्हतें. चक्की यात्रेकरूस ओळखत नव्हती, यात्रेकरू चक्कीस ओळखत नव्हता; दोघेही एका हौदास ओळखत होते.

आम्हीं हें भाच्यास सांगितलें, तेव्हां तो म्हणाला, “पण मामा, पाण्याला नांव नसतं. हौदांतला कोणता थेंब कोणाचा, हें कोणी विचारीत नाहीं. माझ्या लॅबांत तेवढंच विचारतात.” भाच्याचें म्हणणें बरोबर होतें. दृष्टान्त तेथें संपत होता आणि खरें काम सुरू होत होतें. सामाईक जागा करावयाची हें ठरलें. तींत काय ठेवावयाचें, हा प्रश्न उरला.

आम्हीं एक लहानसा कोनाडा केला. त्यांत एकच वस्तु राहते: निवडलेल्या रोग्याचा नोंदणी-क्रमांक. नांव नाहीं, वय नाहीं, रोग नाहीं. यादीचा कारभारी निवड झाली कीं तो क्रमांक तेथें ठेवतो. रिपोर्टाचा कारभारी तो तेथून वाचतो आणि त्या एका क्रमांकावरूनच नांव आणि आंकडे दोन्ही एकदम मूळ माहितींतून काढतो. क्रमांक बदलला कीं कोनाडा स्वतःच सर्वांस वर्दी देतो; तेवढ्यासाठीं आमच्या शास्त्रांत आय-नोटिफाय-प्रॉपर्टी-चेंज्ड असा अकरा हात लांब नांवाचा करार आहे. उशिरां उघडलेल्या खिडकीस वर्दी चुकली तरी हरकत नाहीं. ती कोनाड्यांत डोकावून पाहूं शकते. पावतीच्या खिडकीसही तोच क्रमांक दिसतो. पण ती त्यावरून पैशांची बाकी तेवढी काढते. ज्याच्या कामाला जें हवें तेवढेंच त्यानें पाहावें. काउंटरवर पैसे घेणारास कोणाच्या रक्ताशीं काय कर्तव्य?

एवढ्यावर आम्ही शहाणे झालों असें समजूं नये. पहिल्या दिवशीं नवा प्रोग्रॅम सुरू केला तों रिपोर्टाची खिडकी कोरी. तासभर डोकें खाजविल्यावर उमगलें कीं आम्हीं कोनाडे दोन केले होते! प्रत्येक कारभाऱ्यानें जन्मतःच आपला स्वतःचा कोनाडा बांधून घेतला होता; एकजण आपल्यांत क्रमांक ठेवी, दुसरा आपल्या रिकाम्या कोनाड्याकडे श्रद्धेनें पाहत बसे. सामाईक वस्तु ज्याची त्यानें निर्माण करूं नये. ती वडिलांनीं एकदांच करून दोघांच्या हातीं तीच द्यावी, हा धडा तेव्हां मिळाला. भाऊबंदकीचे अनेक खटले ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस तो नवा वाटणार नाहीं.

त्याच सुमारास गांवाचें नांवही सात जागांवरून काढून एका जागीं नेलें. परंतु एक गोष्ट आम्हीं मुद्दाम तशीच ठेवली. छापलेला रिपोर्ट ही नक्कलच आहे आणि ती नक्कलच राहिली पाहिजे. त्यावर छापल्याची तारीख आणि वेळ येते. पुढें मूळ माहितींत काय वाटेल तें होवो, कागद बदलत नाहीं. नकलेविषयींचा आमचा राग येथें निवळला. चालू असलेल्या गोष्टीची नक्कल ठेवणें धोक्याचें. होऊन गेलेल्या गोष्टीची न ठेवणें त्याहून धोक्याचें. गुरुजींच्या फाइलींतील जुन्या कागदांवर औरंगाबाद असेंच छापलेलें आहे. तें खोडण्याचें कारण नाहीं. ज्या दिवशीं ते छापले त्या दिवशीं तेंच नांव होतें. आणि ती फाइल तशी राखलेली नसती, तर त्या ९२ वर अविश्वास धरावयास गुरुजींपाशीं काय होतें? त्या विश्वासावर त्यांनीं गोळी सोडली असती, आणि आमच्या चुकीचा पत्ता आम्हांस फार निराळ्या मार्गानें लागला असता. तो विचार अजूनही रात्रीं-बेरात्रीं येतो.

मुलगी अद्याप काउंटरवर आहे. प्रोग्रॅम सुधारला तरी तिनें आपल्या बुद्धीनें एक रीत घातली आहे: कागद हातीं देण्यापूर्वीं ती त्यावरील नांव मोठ्यानें वाचते आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहते. आम्हीं तिला एकदां सांगितलें कीं आतां त्याची गरज नाहीं. ती म्हणाली, “असूं दे, काका.” आम्हीं पुन्हां आग्रह केला नाहीं.

तीन महिन्यांनीं गुरुजी पुन्हां आले, तेव्हां योगायोगानें आम्ही तेथें होतों. त्यांस आम्ही कोण हें ठाऊक नव्हतें, आणि आम्हांसही ओळख देण्याचा धीर झाला नाहीं. मुलीनें नांव वाचलें; त्यांनीं मान हलविली. कागद चष्म्यापाशीं नेऊन त्यांनीं आंकडा पाहिला. १८३. क्षणभर ते गप्प राहिले. मग पिशवींतून फाइल काढून कागद त्याच्या जागीं लावीत ते तिला म्हणाले, “आंकडा कांहीं चांगला नाहीं, बाळ. पण माझा आहे.”